कापलेला काना

१

सकाळपाळीच्या बायकांनी मळक्या चादरींचा ढीग उपसायला घेतला, आणि ढिगाच्या तळाशी त्यांना माणूस लागला.

तो धुलाईचा कारखाना होता. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं तिथे यायचं. गाड्या मागच्या चढावरून थेट वरच्या माळ्यावर यायच्या, गाठोडी माळ्याच्या कडेवरून खाली लोटली जायची, आणि खाली ती सोडून यंत्रांत भरली जायची. माळ्यावर लोटायचं काम रात्रपाळीला ज्याच्याकडे होतं, तोच खाली सापडला. त्याच्या अंगावर अर्ध्या रात्रीची गाठोडी साचली होती. त्याची मान मोडली होती. तो पडला आणि माल मात्र वरून पडतच राहिला, असा त्याचा अर्थ होता. पण तो अर्थ कुणी मोठ्याने बोललं नाही.

त्या कारखान्यात दोघे सख्खे भाऊ होते. मेला तो थोरला. धाकटा त्याच रात्री त्याच विभागाचा सुपरवायझर होता.

दोन दिवस लोक हळहळले. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर एक ध्वनिमुद्रण येऊन पडलं. थोरल्याने मरण्यापूर्वी बायकोला फोन केला होता. तिच्या फोनमध्ये येणारं प्रत्येक बोलणं आपोआप मुद्रित व्हायचं. यंत्रांचा खडखडाट कुणीतरी साफ केला होता, त्यामुळे शब्द लख्ख ऐकू येत होते.

“मला आता जगायचं नाही,” थोरला म्हणत होता. “डोळे मिटतात गं उभ्याउभ्या.”

आणि बायको म्हणत होती, “असं म्हणून कसं चालेल? रात्रपाळीचा भत्ता गेला तर खायचं काय? दिवसाच्या पगारात भाडं तरी सुटतं का?”

पुढे काही नाही.

नवरा जगायचं नाही म्हणतो आणि बाई भत्त्याचं विचारते. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरासोरांना ते वाक्य पाठ झालं. नळावर ती आली की बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. थोरल्याची म्हातारी आई भर चौकात उभी राहून ओरडली, “माझ्या लेकाला भत्त्यासाठी खाल्लं हिने.” आठवड्याभरात म्हातारी धाकट्याबरोबर कारखान्याने दिलेल्या नव्या खोल्यांत राहायला गेली. धाकट्याला बढती मिळाली होती.

सून जुन्या घरात एकटी राहिली. तिच्या दारावर कोळशाने कुणीतरी एकच शब्द लिहून ठेवला होता: भत्ता.

२

ते ध्वनिमुद्रण विमा कंपनीकडून फिरत फिरत कानसेनबाईंकडे आलं.

बाईंचं खरं नाव बिलावर असायचं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. तानसेन नसलो तरी कानसेन आहोत, असं त्या स्वतःच कधीतरी म्हणाल्या होत्या आणि ते चिकटलं ते चिकटलं. वकिलांसाठी, विमेवाल्यांसाठी फोनवरची मुद्रणं साफ करायची, कुठे कापाकापी आहे का ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. नवरा-बायकोची भांडणं, भावाभावांच्या धमक्या, सगळं कानांवरून गेलेलं. त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. दर वाढवा म्हटलं की वकील म्हणायचे, “बाई, आता यंत्रं स्वस्त झाली.” वकिलांच्या गाड्या मात्र दर वर्षी लांब होत होत्या.

विमेवाल्याने फोनवर सांगितलं, “सरळ प्रकरण आहे. आत्महत्या. कापाकापी नाही एवढं लिहून द्या, म्हणजे फाईल बंद.”

बाईंनी एकदा ऐकलं. परत ऐकलं. मग त्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

त्यांना खटकलं ते बायकोचं उत्तर. बायको दुष्ट असू शकते. दुष्ट बायका बाईंनी पुष्कळ ऐकल्या होत्या. पण दुष्ट माणूससुद्धा विचारलेल्या गोष्टीचंच उत्तर देतो. जगायचं नाही म्हटल्यावर दुष्ट बायको म्हणेल, “मग मरा.” भली म्हणेल, “असं काय बोलता?” पण ‘रात्रपाळीचा भत्ता गेला तर’ असं कोण म्हणेल? मेल्यावर भत्ता नाही, अख्खा पगारच जातो. दिवसाच्या पगाराचा हिशोब मरायला निघालेल्या माणसाला कुणी सांगत नाही. ती बाई अशा माणसाशी बोलत होती, ज्याला रात्रपाळी सोडून दिवसपाळी हवी होती.

आणि मागून तो म्हणतो, डोळे मिटतात उभ्याउभ्या.

मग बाईंनी आवाज साफ करण्याऐवजी उलटं केलं. बोलणं दाबलं आणि मागे उरलेला कचरा मोठा केला. साफ करणाऱ्याने यंत्रांचा आवाज खरवडून काढला होता, पण खरवडलेल्या भांड्यालाही तळाशी थोडं लागलेलं राहतंच. धुण्याच्या मोठ्या पिंपाचा धबका तिथे अजून होता. धब्... धब्... धब्... सारख्या अंतराने. बाई बोटाने टेबलावर ताल धरून ऐकत गेल्या. ‘मला आता’पर्यंत ताल जुळला. पुढच्याच शब्दात पिंपाने एक धबका घाईने मारला. मग परत संथ, आपल्या चालीने.

पिंप घाई करत नाही. मधला आवाजाचा तुकडा काढून टाकला, म्हणून पुढचा धबका जवळ आला.

तुकडा इवलासा होता. तेवढ्यात अख्खा शब्द मावला नसता. फार तर एक काना.

‘जागायचं’मधला.

बाई स्वतःशीच पुटपुटल्या, “मला आता जागायचं नाही.” आणि मग बायकोचं उत्तर. ते किल्लीसारखं बसलं.

तो मरायचं म्हणत नव्हता. त्याला झोप हवी होती.

३

सून दार उघडून बाजूला झाली. दारावरचा कोळसा तिने पुसला नव्हता.

“पुसलं की परत लिहितात,” ती म्हणाली. “कोळसा त्यांचा, हात माझे काळे.”

खोलीत दोन पलंग होते, एकावर अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, “त्या रात्री तुम्हांला फोनवर काय ऐकू आलं?”

“आता काय सांगू? शंभर लोकांनी ऐकवलंय मला ते.”

“नंतर काय ऐकलंत ते नको. तेव्हाचं सांगा.”

ती गुंडाळलेल्या अंथरुणाकडे पाहत म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, जागायचं नाही म्हणाले. सलग पाळ्या करत होते. मूळ पगार किती वर्षं तोच. कारखान्याला दोन नवे विभाग झाले, गाड्या आल्या, साहेबांच्या केबिनला काचा आल्या, पण पगार वाढवा म्हटलं की साहेब म्हणायचे, जादा पाळी करा की. म्हणून जादा पाळ्या. मी म्हटलं, भत्ता गेला तर कसं. मग ते मुद्रण आलं. त्यात तर जगायचं म्हणतात. मला वाटलं माझेच कान खोटे. माणूस मरतोय आणि मी...” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट ओढलं. “आई म्हणतात ते खरंच असेल.”

“बोलणं तिथेच संपलं?”

“नाही. अजून बोलत होते. पण यंत्रांत बुडालं सगळं. शेवटी काहीतरी विचारलं त्यांनी. मी ‘काय? काय म्हणालात?’ करत राहिले. मग फोन बंद. ते काय विचारत होते, कधी कळलंच नाही. मुद्रणात ते नाही. मी सांगितलं सगळ्यांना, तर म्हणाले, आता गोष्टी रचते.”

“फोन साफ करायला कुणी नेला?”

“भाऊजींनीच नेला असेल. घर माणसांनी भरलं होतं. मी कुठे शुद्धीत होते? परत आला तेव्हा आतलं जुनं सगळं पुसलेलं. डॉक्टर म्हणाला, जागा भरली होती.”

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा मोबाईल दुरुस्त करणारा. मेलेला फोनही उठवून बसवतो, म्हणून डॉक्टर.

“घरात त्या रात्री कोण होतं?”

“मी आणि आई. आई झोपल्या होत्या. दिसतही नाही त्यांना नीट. भाऊजी कामावर.”

बाई उठल्या. दारात सुनेने विचारलं, “तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“ज्यांनी बोलावलं त्यांच्या,” बाई म्हणाल्या. “त्यांना तुम्ही दोषी हव्या आहात.”

४

साहेबांच्या केबिनच्या काचा खरोखरच नव्या होत्या. खाली यंत्रं धडधडत होती आणि वर कुजबुजही स्पष्ट ऐकू येत होती.

“फार मोठं नुकसान,” साहेब म्हणाले. “माणूस कष्टाळू होता. पण घरचा त्रास. आता घराघरांत काय चालतं, त्याला कारखाना काय करणार?”

“मुद्रण कामगारांच्या फोनवर तुम्ही पाठवलंत?”

“अफवा थांबवायच्या होत्या. कुणी म्हणे कठडा नव्हता, कुणी म्हणे झोप लागली. धाकट्याने हे आणून दिलं, म्हटलं, त्याच्याच तोंडून ऐका.” ते मनमोकळं हसले. “आमच्याकडे काम दुप्पट झालंय. लोक आनंदात आहेत.”

“पगार?”

“मूळ पगार तेवढाच. पण जादा पाळी कुणालाही देतो. मागेल त्याला.”

“आणि गेल्या काही वर्षांत मूळ पगार वाढलेला माणूस कोण?”

साहेबांचं हसू जरा मागे सरलं. “बढती मिळते त्याचा वाढतो. धाकट्याचा वाढला आता. भाऊ गेला, घराला आधार नको?”

धाकटा बाईंना माळ्यावर घेऊन गेला. कडेला छातीएवढा लोखंडी कठडा होता, गंजलेला. त्याचे खालचे नटबोल्ट मात्र चांदीसारखे चमकत होते.

“हा कठडा कधीचा?”

“पहिल्यापासून आहे.” धाकट्याने कठड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. त्याचा चेहरा झोप न लागलेल्या माणसाचा होता. “या बाजूने उडी मारली त्याने. माझा भाऊ. मला एक शब्द बोलला नाही.”

“त्या रात्री गाठोडी कोण लोटत होतं?”

“तो जागेवर दिसेना. मला वाटलं कुठेतरी पडून झोपला. माल तुंबला होता. मीच लोटली.”

खाली पाहत तो उभा राहिला. बाईंनी ते तसंच जाऊ दिलं. दया म्हणून नव्हे. अजून एक प्रश्न बाकी होता.

“फोन डॉक्टरकडे तुम्ही नेलात?”

“मी आणायला गेलो फक्त. आई म्हणाली, तयार असेल, घेऊन ये. तिथेच ऐकलं मी.” त्याने डोळे पुसले. “खरं सांगू? ऐकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटते बोलायला, पण झालं.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कठड्याबद्दल तो खोटं बोलणाऱ्यांसारखा बोलला होता. हे शेवटचं मात्र तो तसं बोलला नव्हता.

५

नव्या खोल्यांना रंगाचा वास होता. म्हातारी खिडकीपाशी बसली होती, डोळे अर्धे मिटून. बाई विमा कंपनीकडून आल्यात म्हटल्यावर ती एकदम जागी झाली.

“तिला काही मिळता कामा नये,” ती म्हणाली. “त्या कैदाशिणीला फुटका मणीही नको.”

“मुलगा शेवटी काय बोलला, तुम्हांला माहीत आहे?”

“सगळ्या जगाला माहीत आहे. जगायचं नाही म्हणाला. माझा सोन्यासारखा पोरगा, आणि ती काय विचारते तर भत्ता.” म्हातारीचा आवाज कापला. ते कापणं खोटं नव्हतं. “मरायला टेकला तरी त्याला माझीच काळजी. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेस का, म्हणून विचारलं त्याने. हे कुणाला सुचतं अशा वेळी? एवढा एकच माझा होता तो.”

बाईंनी मान डोलावली, दोन सांत्वनाचे शब्द बोलल्या, पाणी प्यायल्या आणि जिना उतरल्या. खालच्या पायरीवर त्या थांबल्या ते थांबल्याच. मागून येणारा भाजीवाला “सरका की” म्हणाला, तेही त्यांना ऐकू आलं नाही.

थेंबांचं वाक्य मुद्रणात नव्हतं. बायकोनेही ते ऐकलेलं नव्हतं. शेवटी काहीतरी विचारलं आणि ते यंत्रांत बुडालं, एवढंच तिला माहीत होतं. ते वाक्य या जगात एकाच ठिकाणी होतं: कापण्याआधीच्या, साफ केलेल्या मूळ मुद्रणात.

आणि ते म्हातारीला पाठ होतं.

६

डॉक्टरचं दुकान एका माणसाला उभं राहता येईल एवढंच होतं. तो भिंगातून एका फोनच्या पोटात पाहत होता. बाईंनी काउंटरवर त्या मुद्रणाचा तुकडा वाजवला. नुसता धबका.

“हा इथे घाईत आहे,” त्या म्हणाल्या. “काना तुम्ही कापलात. का, ते मी विचारत नाही. कागदावर कुणाचं नाव घालायचं एवढंच ठरायचं आहे. तुमचं की म्हातारीचं.”

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं. “मॅडम, मी गरीब माणूस.”

“गरीब माणसांनीच आणलंय मला इथे. पुढे बोला.”

“म्हातारी स्वतः आली. सुनेच्या उशाखालचा फोन घेऊन, भिंत चाचपत. म्हणाली, पोराचं शेवटचं बोलणं ऐकायचंय, नीट कर. मी केलं. मोठं काम होतं, यंत्रांचा नुसता चिखल. साफ झालं तेव्हा दोघांनी बसून ऐकलं.” त्याने ओठ ओले केले. “तो आधी जागायचं नाही म्हणतो. मग म्हणतो, धाकट्याने इथला कठडा काढायला लावलाय, माल लवकर पडावा म्हणून, सकाळी सांगतो त्याला बसव परत. मग थेंबांचं. म्हातारीने ते थेंबांचं चार-पाचदा लावायला लावलं. रडली. डोळे पुसले. मग म्हणाली, कठड्याचं काढता येईल का? लोकांना वाटलं पाहिजे, त्याने उडी मारली.”

“आणि तुम्ही काढलंत.”

“काढलं. थेंबांचं पण काढायला लागलं. उडी मारणारा थेंब विचारत नाही. म्हातारी म्हणाली, ते राहू दे. मी म्हटलं, आजी, ते राहिलं तर धाकटा आत जाईल. मग म्हणाली, काढ.” आता त्याच्या आवाजात नकळत कारागिराची ऐट आली. “एवढं करूनही तो झोपेत पडला असंच वाटत होतं. ती म्हणाली, पडला असं वाटायला नको, मग लोक कठडा विचारतील. तेव्हा मला सुचलं. म्हटलं, मग एक अक्षर आखूड करतो. बस. हात कुठे फिरलाय ते कुणाला कळलं नसतं.”

“काय घेतलंत?”

“तिने बोटातली अंगठी काढून ठेवली. मी नको म्हटलं नाही.”

“मूळ मुद्रण?”

“पुसलं.”

बाई काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. दुकान एवढं लहान होतं, की त्याला त्यांच्याकडे पाहण्यावाचून दुसरीकडे पाहायला जागा नव्हती. शेवटी त्याने खण ओढला.

“धाकटा आता मोठा झालाय,” तो म्हणाला. “म्हटलं, पुढेमागे उपयोगी पडेल.”

७

बाई परत नव्या खोल्यांत गेल्या तेव्हा धाकटा कामावर होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हातारीला मूळ मुद्रण ऐकवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. थेंबांचं वाक्य येताच म्हातारीचा हात आपोआप यंत्राकडे गेला, परत लावा म्हणून.

“म्हणजे सापडलं,” ती म्हणाली.

“तुम्हीच सांगितलंत. सगळ्या जगात ते वाक्य फक्त तुम्हांला माहीत होतं.”

म्हातारीने हात मांडीवर परत घेतला. “ते तेवढं पोटात राहिलं नाही,” ती म्हणाली. “बाकी सगळं राहिलं.”

“धाकट्याला माहीत आहे?”

“नाही. त्याला वाटतं थोरल्याने उडी मारली. तेच बरं. नाहीतर वरून गाठोडी कुणी लोटली ते त्याच्या डोक्यातून गेलं असतं का? एक गेला होता, बाई. रडून परत येणार होता का? दुसऱ्याला कसं जाऊ देऊ?”

“आणि सून?”

“ती परक्याची पोर.” हे ती रागाने म्हणाली नाही. भाव सांगावा तसं म्हणाली.

“गप्प तरी बसायचं होतं. भर चौकात शिव्या कशाला?”

“गप्प बसले असते तर लोकांनी विचारलं असतं, म्हातारी गप्प का? आई ओरडली की मग कुणी विचारत नाही.” ती पुढे वाकली. “तुम्हांला मूल आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही हे कागदावर लिहाल.”

“लिहीन,” बाई म्हणाल्या. “असतं तरी लिहिलं असतं.”

ते खरं होतं की नाही, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

८

सुनेने मूळ मुद्रण एकदाच ऐकलं. तिने काही फेकलं नाही, छाती बडवली नाही. फक्त शेवटचं वाक्य संपल्यावर म्हणाली, “घातले होते मी थेंब. ऐकू आलं असतं तर हो म्हटलं असतं.”

बाकीचं सगळं नियमाने झालं. पोलीस आले आणि त्यांनी धाकट्याला विभागातून, सगळ्यांसमोर नेलं. कठड्याचं विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. पण तो गाठोडी लोटत होता तेव्हा खाली कोण होतं, हे आजवर कुणी मोठ्याने न बोललेलं एका शिपायाने सहज त्याच्यासमोर बोलून टाकलं, तेव्हा तो जागच्या जागी खाली बसला, आणि त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं. डॉक्टरच्या दुकानाला कुलूप लागलं. साहेबांनी निवेदन काढलं, की कठडा सुपरवायझरने स्वतःच्या मनाने काढला आणि नंतर गुपचूप परत बसवला होता, आणि बढती देताना कारखान्याची दिशाभूल झाली. माल लवकर पडला पाहिजे, हा तगादा कुणाचा होता, ते निवेदनात नव्हतं. कोणत्याही मुद्रणातही नव्हतं.

नुकसानभरपाई मंजूर झाली. ती कशी मोजतात, हे साहेबांनी सुनेला काचेच्या केबिनमध्ये बसवून मऊ आवाजात समजावलं. भरपाई मूळ पगारावर मोजतात. जादा पाळ्या, रात्रीचा भत्ता, ज्यांच्यावर घर चाललं होतं ते त्यात धरत नाहीत. मूळ पगार तर तिला माहीतच होता. तो थोरला कामाला लागल्यानंतर फारसा हललाच नव्हता.

“वाढला असता तर आज जास्त मिळाले असते,” साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

चौकशीसाठी विभाग काही दिवस बंद राहिला. त्या दिवसांच्या जादा पाळ्या बुडाल्या. नळावरच्या बायका पूर्वी बादल्या उचलून बाजूला व्हायच्या, आता तोंडावर बोलू लागल्या, की हिच्या कज्ज्यापायी आमच्या चुली विझल्या. निर्दोष ठरल्याबद्दल तिला कुणी काही म्हटलं नाही. धाकट्याची जागा जुन्याच पगारावर भरायची निघाली, तर फाटकाबाहेर रांग लागली.

काही आठवड्यांनी बाई मुद्रणाची प्रत द्यायला जुन्या घरी गेल्या. संध्याकाळ होत आली होती. म्हातारी पुन्हा तिथेच होती. नव्या खोल्या कारखान्याने परत घेतल्या होत्या आणि तिला दुसरं घर नव्हतं. सुनेने तिला आत घेतलं, यावर गल्ली अवाक झाली होती. केवढं मोठं मन, असं ज्या तोंडांनी ‘भत्ता’ म्हटलं होतं तीच तोंडं आता म्हणत होती.

म्हातारीच्या पुढ्यात जेवणाचं ताट वाढलेलं होतं. कपडे धुतलेले होते, अंथरूण स्वच्छ होतं. सून कामावर जायच्या तयारीत होती. त्याच कारखान्यात, चादरींच्या घड्या घालायला, रात्रपाळीला.

“सूनबाई,” म्हातारी म्हणाली, “मीठ जरा देतेस का?”

सुनेने मीठ पुढे ठेवलं. बोलली नाही.

“आज थंडी आहे नाही?”

सुनेने खिडकी लावून घेतली. बोलली नाही.

म्हातारी बाईंकडे वळली. आवाजावरून माणूस शोधत ती म्हणाली, “तुम्ही सांगा हिला. आल्यापासून एक शब्द नाही. शिवी दे म्हटलं, तीही देत नाही. मला दिसत नाही हो. घरात कुणी आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही मला.”

सुनेने पायांत चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. बाई तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेल्या.

“बोलत का नाही तुम्ही त्यांच्याशी?” बाईंनी विचारलं. एरवी त्या असलं काही विचारत नसत.

“बोलले की भांडण होईल,” सून म्हणाली. “भांडण झालं की कधीतरी मिटतं. मला मिटवायचं नाही.”

फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्र पाहिलं आणि तिला आत सोडलं.